बांध नसलेलं शिवार

'बांध कोरणे' हा शब्दप्रयोग शहरात वाढलेल्यांनाही ऐकून माहीत असतो, पण बांध नेमका कसा कोरतात हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मी पाहिलंय, आजोळी. नांगरट करताना शेजाऱ्याच्या बांधाला जरासं चाटून जायचं, बस. एका वर्षी वीतभर. कोणाच्या लक्षात येत नाही. पुढच्या वर्षी आणखी वीतभर... दहा-पंधरा वर्षांत नांगराची दोन-तीन तासं आपल्या बाजूला आलेली असतात, आणि समोरच्याला कळतं तेव्हा सिद्ध करायला त्याच्या हातात काहीच नसतं. मग मोजणी, मग कोर्ट, मग एकमेकांच्या घरच्या लग्नांना न जाणं. माझ्या आईच्या दोन चुलत भावांमध्ये अशाच एका बांधावरून जवळजवळ तीस वर्षं बोलणं नव्हतं. ज्या जमिनीवरून भांडण होतं ती सगळी मिळून एक बैलगाडी उभी करण्याएवढीही नसेल.

हे सगळं आठवलं ते इंग्लंडमधल्या एका गावामुळे. गावाचं नाव लॅक्स्टन. या गावाच्या शिवारात बांधच नाहीत. कुंपण नाही, झाडांची रांग नाही, दगडी गडगा नाही. दहा-बारा शेतकऱ्यांच्या जमिनी एकाच सलग रानात एकमेकींना चिकटून पडलेल्या आहेत, आणि हे असं मध्ययुगापासून चालू आहे.

नॉटिंगहॅमला काही महिने ऑनसाइट होतो तेव्हाची गोष्ट. वीकेंडला करायचं काय हा प्रश्न तिथल्या सगळ्या देशी मंडळींना पडतो. एक शेरवुडचं जंगल आणि रॉबिन हूड झाला की संपलं! टीममधल्या एका स्थानिक सहकाऱ्याला माझं हे इतिहासाचं वेड माहीत होतं. तो म्हणाला, चल, तुला एक गाव दाखवतो, तिथे बघण्यासारखं काही नाही. ही जाहिरात मला एकदम आवडली. ऑक्टोबरच्या शेवटी एका शनिवारी आम्ही निघालो. न्यूआर्कपासून गाडीने अर्धा तास. मोठा रस्ता सुटला की अरुंद वळणाचे रस्ते लागतात आणि मग अचानक गाव येतं.

त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूला लाल विटांची घरं आणि गोठे-कोठारं, सेंट मायकेलचं चर्च, एक पब. पबाचं नाव 'डव्हकोट इन', म्हणजे कबुतरखाना! गावाच्या उत्तरेला मातीची एक मोठी टेकडी आहे, तिथे नॉर्मन काळात किल्ला होता. आता नुसतं गवत. हे गाव ज्यांच्याकडे होतं ते सरदार शेरवुडच्या राजजंगलाचे वंशपरंपरागत रखवालदार होते, म्हणजे रॉबिन हूडच्या गोष्टीत आपण ज्यांना दुष्ट समजतो त्यांच्या पंगतीतले. गावाच्या नावाचं एक जुनं रूप 'लेक्सिंग्टन' असं आहे आणि अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनचा धागा काही जण इथवर आणून जोडतात. असो.

मला एक गोष्ट मात्र लगेच खटकली. शेतकऱ्यांची घरं रस्त्याला लागून, गावातच होती. आपल्याला यात काहीच विशेष वाटणार नाही, कारण आपल्याकडे गावठाण वेगळं आणि शिवार वेगळं असतंच. पण इंग्लंडमध्ये ट्रेनमधून बाहेर बघितलं तर शेतकऱ्याचं घर बहुधा त्याच्या शेतांच्या मधोमध एकटं उभं असतं. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याला असं एकटं घर बांधून उपयोगच नव्हता. कारण त्याचं 'शेत' अशी एक जागाच नव्हती. त्याची जमीन गावाच्या चारी दिशांना पसरलेली होती.

ही पद्धत समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला, म्हणून जरा सावकाश सांगतो.

गावाला तीन मोठी रानं आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. प्रत्येक रान लांबलचक पट्ट्यांमध्ये वाटलेलं. प्रत्येक शेतकऱ्याचे तिन्ही रानांत पट्टे, आणि तेही एकत्र नाहीत. एक इथे, एक पार तिकडे ओढ्याजवळ. पिकाचा निर्णय मात्र शेतकऱ्याचा नसतो, रानाचा असतो. एका वर्षी एका रानात सगळ्यांनी हिवाळी गहू पेरायचा. दुसऱ्या वर्षी त्याच रानात सगळ्यांनी वसंतात पेरायचं पीक घ्यायचं. तिसऱ्या वर्षी सगळं रान पड ठेवायचं (आता त्या वर्षी गवत किंवा चारा घ्यायलाही मुभा आहे). तीन रानं एकेका वर्षाने मागेपुढे, म्हणजे दर वर्षी गावात एक रान गव्हाचं, एक दुसऱ्या पिकाचं आणि एक पड. पूर्वी पीक निघालं की रान सगळ्या गावाच्या गुरा-मेंढरांना मोकळं व्हायचं. धसकटं खायची, जाता जाता शेण टाकायचं, फुकटात खत!

आता यातली गोम बघा. एखाद्याला वाटलं की मी शहाणा आहे, मी माझ्या पट्ट्यात वेगळं काहीतरी उशिरा येणारं लावतो, तर शेजाऱ्यांची गुरं आत शिरायच्या दिवशी त्याचं पीक उभं असणार. गुरांना काय कळतंय कोणाचा पट्टा कुठे संपतो ते! म्हणजे एकटं वागायची सोयच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यांची रिलीज एकाच तारखेला. तुम्हाला आवडो न आवडो.

ओढ्याकाठच्या ओल्या आणि उताराच्या, नांगर न चालणाऱ्या जागा तशाच गवताच्या राखलेल्या आहेत. त्यांना तिथे 'साइक' म्हणतात. त्या कोणा एकाच्या नाहीत. दर उन्हाळ्यात त्यांच्या गवताचा लिलाव होतो. शेकडो वर्षं त्यांना नांगर लागलेला नाही, त्यामुळे इतरत्र नाहीशी झालेली रानफुलं तिथे अजून उगवतात आणि आता त्या जागांना निसर्ग म्हणून संरक्षणही आहे. आपल्या गायरानाचे धाकटे भाऊच म्हणा. फक्त यांच्यावर कोणी ग्रामपंचायतीचं ऑफिस किंवा मंदिराचा सभामंडप बांधलेला नाही :)

हे सगळं ऐकल्यावर माझ्या डोक्यात पहिला प्रश्न अर्थातच आजोळचा आला. बांध नाही, कुंपण नाही, मग कोरत कसे नाहीत?

तर उत्तर असं की कोरतात! निदान कोरतील असं सगळं गाव गृहीत धरून चालतं. आणि मला वाटतं या गावाची सगळी गंमत इथेच आहे.

दर वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला, गहू पेरून झाला की, बारा पंच रानात उतरतात. हे पंच म्हणजे गावातलेच शेतकरी. त्यांचा एक म्होरक्या असतो. त्या वर्षी जे रान गव्हाचं असेल ते सगळं पायी फिरून तपासायचं. कोणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात तास घातलंय का, कोणी रस्ता नांगरलाय का, साइकच्या गवतात नांगर घुसवलाय का, चर साफ आहेत का. जिथे हद्द पुसट झाली असेल तिथे मापून लाकडी खुंट्या ठोकायच्या. हा 'ज्युरी डे'. दुपारी अर्थातच पबात जेवण. आठवड्याभराने त्याच पबात 'कोर्ट लीट' भरतं. हे म्हणजे मध्ययुगातलं जहागिरीचं कोर्ट. जमीनमालकाचा कारभारी अध्यक्ष असतो, शेतकऱ्यांची हजेरी होते, पंच आपला अहवाल देतात, ज्यांनी आगळीक केली त्यांना दंड होतो आणि पुढच्या वर्षीच्या गव्हाच्या रानासाठी नव्या पंचांना शपथ दिली जाते.

हे गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझीम पथकासारखं हौसेपुरतं जपलेलं नाही. इंग्लंडमध्ये अशी शेकडो कोर्टं होती. १९७७ साली तिथल्या संसदेने एका कायद्याने त्यांचे उरलेसुरले न्यायाधिकार काढून घेतले. काही ठिकाणी अजूनही झगे घालून, घंटा वाजवून ती समारंभापुरती भरतात. पण लॅक्स्टनच्या कोर्टाचे अधिकार त्या कायद्याने शाबूत ठेवले, कारण तिथे त्या कोर्टाला अजून खरोखरचं काम होतं.

मी रात्री आईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. तिने एकच प्रश्न विचारला, "पंच पण तेच शेतकरी? मग ते स्वतःचं बरं मोजतील!" बाई सावंतवाडीच्या कोर्टात वडिलांबरोबर तारखांना गेलेली आहे, तिला फसवणं सोपं नाही. मी म्हटलं, अगं, बारा जण असतात एकदम. त्यावर ती जरा थांबली आणि म्हणाली, "हां, मग ठीक आहे. बाकीचे अकरा बघतील."

नेमकं हेच. पंच स्वतःच्या पट्ट्यावरूनही चालत जातात आणि त्या वेळी बाकीचे सोबत असतात. यंदाचा तपासनीस पुढच्या वर्षी तपासला जातो. आम्ही ज्याला कोड रिव्ह्यू म्हणतो तो याहून वेगळा काय असतो? आणि दुसरं म्हणजे हे दर वर्षी होतं. वीतभर सरकलेली हद्द वीतभरच असताना सापडते. माझ्या मामांच्या भांडणात जमीन थोडी होती पण वर्षं फार साठली होती. लॅक्स्टनमध्ये वर्षं साठूच देत नाहीत. दंडाची रक्कम तशी किरकोळ असते म्हणतात. पण सगळ्या गावासमोर, ज्या पबात तुम्ही उद्याही जाणार आहात तिथे तुमचं नाव वाचलं जातं, तेवढं पुरेसं असावं असा माझा अंदाज.

या गावाबद्दल आपल्याला इतकं नेमकं माहीत असण्याचं मोठं कारण म्हणजे १६३५ सालचा एक नकाशा. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने तो केला. तिन्ही रानांतला एक-एक पट्टा, तो कोण कसतो, किती आहे, सगळं त्यात आणि त्याच्या जोडीच्या खतावणीत आहे. वर पुन्हा हौसेने नांगरणारी माणसं आणि शिकारीचे देखावे काढलेत. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पावणेचारशे वर्षांहून जुना हा डेटाबेस स्नॅपशॉट बघून आज त्याच रानात उभं राहता येतं आणि रानांची नावं तीच निघतात. आमचं तीन वर्षांपूर्वीचं डॉक्युमेंटेशन आज लागू पडत नाही हो!

हा नकाशा ज्याने करून घेतला तो माणूस मात्र मला नकाशाहूनही भारी वाटला. सर विल्यम कोर्टन, लंडनचा बडा व्यापारी. बाप फ्लँडर्समधून धर्मच्छळामुळे पळून आलेला कापडवाला. पोराने एवढा पैसा केला की राजाला कर्ज दिलं, १६२७ मध्ये बार्बाडोस बेटावर इंग्रजांची पहिली वसाहत त्याच्याच जहाजाने गेली. लॅक्स्टनची जहागीर त्याने अशीच गुंतवणूक म्हणून घेतली होती आणि घेतलेल्या मालाची यादी हवी म्हणून नकाशा. आणि आता ऐका: ज्या साली हा नकाशा झाला त्याच साली, १६३५ च्या डिसेंबरात, चार्ल्स राजाने त्याच्या मंडळीला ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना दिला. जहाजं निघाली आणि १६३६ च्या ऑक्टोबरात गोव्याला येऊन थडकली! निजामशाही बुडाली ते हे वर्ष. शिवाजी महाराज सहा वर्षांचे होते. पुढे कारवार आणि आपल्या राजापूरलाही या मंडळीने वखारी थाटल्या. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरला जी इंग्रजांची वखार लुटली ती ईस्ट इंडिया कंपनीची, पण राजापुरात त्याच्या आधीपासून वावरलेले इंग्रज म्हणजे ही कोर्टनची माणसं. कोर्टन स्वतः मात्र जहाजं गोव्याला पोचण्याआधीच वारला आणि त्याच्या मुलाच्या काळात सगळा डोलारा कोसळला. लॅक्स्टन गेलं पिअरपॉंट घराण्याकडे. त्यांनाच पुढे अर्ल मॅनव्हर्स हा किताब मिळाला.

हे पट्टे इतके लांब आणि अरुंद का, याचं एक कारण बैल. इंग्लंडची माती जड. नांगर ओढायला आठ-आठ बैल. आपल्याकडच्या आठबैली नांगराचं वळणं ज्याने पाहिलंय त्याला कळेल, एवढं लटांबर शेताच्या टोकाला वळवणं म्हणजे ट्रेलर रिव्हर्स घेण्यासारखं. त्यामुळे कमीत कमी वळणं पडावीत म्हणून तास लांब काढायचं. त्या लांब तासाचंच झालं फर्लांग, २२० यार्ड. फर्लांग लांब आणि २२ यार्ड रुंद जमीन म्हणजे एक एकर, दिवसभराच्या नांगरटीचं काम. पुढे १६२० च्या सुमाराला गंटर नावाच्या गणितज्ञाने मोजणीची साखळी काढली तीही बरोबर २२ यार्डांची, म्हणजे ६६ फुटांची. इंग्रज आपल्याकडे आले आणि मुंबई इलाख्यात मोजणीला वापरली शंकू साखळी, ३३ फुटांची, गंटरच्या बरोबर निम्मी, पण भाग सोळा आणे! ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. प्लॉट घेताना हा १०८९ चा आकडा ज्यांनी ज्यांनी कॅल्क्युलेटरवर मारलाय त्या सगळ्यांनी नकळत इंग्लंडातल्या बैलांना सलाम ठोकलेला आहे.

आणि पट्टे विखुरलेले का? यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ऑर्विन पती-पत्नींनी १९३८ साली लॅक्स्टनवरच एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की नांगर आणि बैल सामायिक होते, आपण ज्याला सावड म्हणतो तसे. दिवसाची नांगरट एकेकाच्या वाट्याला क्रमाने येत गेली आणि पट्टे आपोआप विखुरले. मॅक्लॉस्की या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात वेगळंच गणित मांडलं: हा विमा होता. सखल पट्टा अतिपावसात कुजला तर चढावरचा वाचेल, एका कोपऱ्यात गारा पडल्या तर दुसरा सुटेल. उत्पन्न थोडं कमी, पण एकाच वर्षात सगळं बुडून उपाशी मरायची पाळी येत नाही. मला व्यक्तिशः हे दुसरं जास्त पटतं. अर्थात मी शेतकरी नाही, म्युच्युअल फंडवाला आहे.

अशी गावं इंग्लंडच्या मध्यभागात एके काळी सगळीकडे होती. मग गेली कुठे? ती कायद्याने संपवली. जमीनदार मंडळी संसदेकडून गावासाठी स्वतंत्र कायदा करून आणायची, आयुक्त यायचे, सगळे पट्टे गोळा करून नव्याने सलग वाटणी व्हायची, भोवती काटेरी झुडपांची कुंपणं लागायची. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन त्याखाली आली. म्हणजे इंग्लंडचा पाचवा हिस्सा! कॅलेंडरवर छापतात ते हिरवे चौकोन आणि त्यांच्या गर्द कडा, 'खरंखुरं जुनं इंग्लंड', त्यातला मोठा भाग म्हणजे या सरकारी कुंपणांची देणगी आहे. उत्पादन वाढलं असं सुधारणावाले म्हणायचे, आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही असावं. पण ज्याच्याकडे एक गाय आणि सामायिक रानात चारण्याचा हक्क एवढंच होतं, त्याच्या हातात वाटणीत एकतर तुकडा आला ज्याला कुंपण घालायलाही पैसे नव्हते, नाहीतर काहीच आलं नाही.

या प्रकाराला पुढे विद्वत्तेचा शिक्काही मिळाला. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाचा एक लेख आला. सामायिक कुरणाची शोकांतिका अशी त्याची कल्पना: कुरण सगळ्यांचं असलं की प्रत्येक जण एक गाय जास्त सोडणार, आणि शेवटी कुरण उजाड होणार. मॅनेजमेंटच्या कोणत्याही कोर्समध्ये ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगतात. मलाही सांगितली होती आणि मी मान डोलावली होती. लॅक्स्टनच्या रानाकडे बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की हार्डिनच्या कुरणात माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत! ना पंच, ना कोर्ट, ना पब. असं गाव त्याने बघितलं कुठे होतं? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हीच गोष्ट जगभरची कुरणं, पाटपाणी, मासेमारी यांचे दाखले देऊन सिद्ध केली आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. हार्डिननेही नंतर कबूल केलं की आपण 'व्यवस्था नसलेलं कुरण' असं म्हणायला हवं होतं. पण तोवर तीस वर्षं पोरांनी पाठांतर केलेलं होतं...

मात्र लॅक्स्टनचे लोक फार थोर होते म्हणून हे टिकलं असं म्हणायला मी तयार नाही. ही जमीन गावाची नव्हती. बहुतेक शेतकरी कुळं होती. टिकण्याचं एक कारण तर चक्क भाऊबंदकीछाप आहे. गावात दोन मोठे मालक होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, आणि कुंपणं घालायची तर दोघांचं जमायला हवं. काही भाग वेळोवेळी बंदिस्त झालाही. पुढे १८७० च्या दशकात शेतमालाचे भाव कोसळले आणि खर्च करून वाटणी करण्यात अर्थ राहिला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सच्या इस्टेटीने लहान लहान पट्टे जोडून मोठे केले, म्हणून आज तिथे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर चालू शकतात. म्हणजे आज जे दिसतं ते काही जसंच्या तसं मध्ययुग नाही. सामायिक पद्धतीत आता पाचशे एकरांच्या आतबाहेर जमीन उरली आहे आणि शेतकऱ्यांची बरीचशी कमाई कुंपणाच्या आतल्या वेगळ्या शेतांतून येते. इंग्लंडात अशा रानांचे अवशेष अजून दोन-चार जागी आहेत, पण फेरपालट, पंच आणि कोर्ट यांसकट चालू असलेलं हे एकच.

परत आल्यावर वाचता वाचता एक जुनं पुस्तक हाती लागलं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे इंग्रज प्रिन्सिपॉल हॅरॉल्ड मान यांनी मराठी सहकाऱ्यांना घेऊन पुण्याजवळच्या एका खेड्याची घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली ती छापली. १५६ खातेदार, त्यांच्या जमिनीचे सातशेहून जास्त तुकडे, त्यातले ४६३ एकराहूनही लहान. खेड्याचं नाव पिंपळे सौदागर. हो, तेच! हिंजवडीला जाणारे निम्मे लोक जिथे राहतात ते. मान यांना हे तुकडे म्हणजे रोग वाटला, आणि १९४७ मध्ये मुंबई इलाख्यात तुकडेबंदीचा आणि तुकडेजोडीचा कायदा आला. मान यांचं निदान चूक होतं असं नाही. आपले तुकडे वारसावाटपाने पडत गेलेले होते. लॅक्स्टनचे पट्टेही दिसायला तसेच, पण त्यांच्यावर एक सामायिक वेळापत्रक होतं आणि ते पाळायला लावणारे बारा लोक होते. तुकडे दोन्हीकडे होते, नोव्हेंबरातली ती पायपीट मात्र आपल्याकडे नव्हती. तुकडे जोडणारा कायदा करता येतो. पायपिटीचा कसा करणार, मला कळत नाही.

लॅक्स्टनलाही हे फुकटात मिळत नाही. १९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्सने गाव सरकारच्या शेती खात्याला विकलं, ही पद्धत जपायची या बोलीवर. १९८१ मध्ये ते राजघराण्याच्या नावाने चालणाऱ्या 'क्राउन इस्टेट'कडे गेलं. २०१८ मध्ये त्यांनीही ते विकायला काढलं तेव्हा गावाच्या पोटात गोळा आला असणार, कारण नवा मालक कोण आणि त्याला पंचांशी काय घेणं! शेवटी २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटने ते विकत घेतलं, म्हणजे त्याच जुन्या मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांकडे ते परत आलं. पण मालकापेक्षा मला काळजी वाटते ती डोक्यांची. कोर्टाला बारा पंच लागतात. शेतं मोठी होत जातात, शेतकरी कमी होत जातात, पोरं नॉटिंगहॅमला आणि लंडनला नोकऱ्या करतात. हे सगळं आपल्याला काही नवीन नाही.

त्या शनिवारी आम्ही रानाच्या कडेने बराच वेळ चाललो. पेरलेल्या गव्हाची हिरवी सुई नुकती वर आली होती आणि समोर सगळं एकसंध दिसत होतं. मी सहकाऱ्याला विचारलं, यातला कोणाचा पट्टा कुठे संपतो? त्याने खांदे उडवले. मग थोडं पुढे गेल्यावर गवतात एक जुनी, कुजत आलेली लाकडी खुंटी दिसली. तीन वर्षांपूर्वीची असणार, कारण तीन वर्षांपूर्वी हे रान गव्हाचं होतं. महिन्याभरात पंच येऊन तिच्या शेजारी नवी ठोकणार होते.